उपासाची वही

लघवीचे थेंब टाकलेलं नळीतलं निळं औषध उकळायला लागलं तशी भिकुबाई चिमटा धरून मागे सरकली. निळ्याचं हिरवं झालं. इथेच थांब, ती मनात म्हणाली. पण हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नारिंगी झालं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ तळाशी बसला, म्हणजे साखर भरपूर. काल सोमवार होता. सोमवारी घरात चूल पेटली नव्हती.

"काल तं तुम्हीन काहीच खादं नही," ती नवऱ्याला म्हणाली. "उपास व्हता."

"व्हता ना," उखर्डूने ओसरीवरून उत्तर दिलं.

"मंग नळी लाल कशी काय?"

त्याला काय माहीत? तो डाव्या पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडत बसला होता. माघात मालगाडीच्या वाघिणीच्या दारात त्याला ठेच लागली होती. एवढीशी जखम, पण चैत्र आला तरी ती भरेना, उलट तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की लघवीतली साखर उतरली तर अंगठा वाचेल, नाहीतर काढावा लागेल, आणि त्यानंतरही उतरली नाही तर पुढे पायाचंच बघावं लागेल. पंधरा दिवसांची मुदत दिली होती. त्यातले नऊ गेले होते.

भिकुबाई धरणगावकडची, चौथी शिकलेली, आणि एकदा एखादी गोष्ट हातात घेतली की ती तडीस नेणारी. दिवाळीत या आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून तिने घरातला गुळाचा डबा शेजारी देऊन टाकला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: साखर, गूळ, भात, बटाटा, साबुदाणा, रताळी बंद; भाकरी दीड; रोज खाल्लेलं वहीत लिहा. तिने वही सुरू केली. भाकरी थापताना पिठाची वाटी काठोकाठ सपाट करायची, वर बोट फिरवायची, मग परातीत ओतायची. स्वतःही गोड सोडलं. एवढं करूनही नळी हिरवी होईना, तेव्हा तिला तिच्या आईचं बोलणं आठवलं, लंघनासारखं औषध नाही. पौषात तिने त्याला सोमवार धरायला लावला. तरी रंग उतरेना म्हणून फाल्गुनात शनिवार जोडला. त्या दोन्ही दिवशी वहीत एकच शब्द असे: उपास.

उखर्डू तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. बावीस वर्षं जळगावच्या मालधक्क्यावर केळीचे घड मोजायचं काम करत होता. हमाल घड वाघिणीत चढवत, हा दाराशी उभा राहून खडूने पाचापाचाच्या रेघा ओढी. घडापासून सुटलेलं केळं दिल्लीपर्यंत टिकत नाही, म्हणून ते मोजणीत धरत नसत. असली सुटी केळी हमाल खात, उरलेली ज्याची त्याने घरी न्यावी. उखर्डूच्या उपरण्यात रोज सात-आठ केळी बांधलेली असत. मेहरूणच्या त्यांच्या दोन खोल्यांत केळं म्हणजे माठातलं पाणी होतं. पाणी पिताना कुणी मोजतं का?

त्या मंगळवारी भिकुबाईला एका जागी बसवेना. तो कामावर गेल्यावर तिने त्याच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, वास घेतला. खडू निघाला, तंबाखूची पुडी निघाली. मग ती कोपऱ्यावरच्या गौतमचंदच्या किराणा दुकानात गेली आणि आडवळणाने विचारू लागली. गौतमचंदने तिचा रोख ओळखला. उखर्डूभाऊ गूळ तर सोडाच, लहान पोरांच्या गोळ्यांच्या बरणीकडेही बघत नाहीत, आपणच एकदा प्रसादाचा पेढा पुढे केला तर हात जोडून निघून गेले, असं त्याने सांगितलं. एवढ्याने समाधान व्हावं की नाही? पण संशय म्हणजे दातात अडकलेली सुपारी, जीभ तिथेच जाते.

शनिवारी दुपारी ती सरळ मालधक्क्यावर गेली आणि वाघिणीच्या आडोशाला चोरासारखी उभी राहिली. जेवणाची सुट्टी झाली. हमालांनी भाकऱ्या सोडल्या. उखर्डू जरा लांब बसला, त्याने उपासाचं फडकं सोडलं, आणि तिने सकाळी बांधून दिलेली केळी एकेक करून खाल्ली. समोर कुणीतरी शेवेचा पुडा धरला, त्याने मान हलवली. पाणी प्यायला, आणि दुखरा पाय ओढत पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. भिकुबाईला इतकी लाज वाटली की ती घरापर्यंत जवळजवळ पळतच आली. देवमाणूस आपला, आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवतो.

रविवारी पाचोऱ्याहून नणंद आली. भागाबाई उखर्डूहून सहा वर्षांनी मोठी, त्याला कडेवर खेळवलेली. भावाचा अंगठा बघितला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. डोळे पुसून झाल्यावर तिने भिकुबाईकडे पाहिलं.

"मना भाऊ काही बाहेर खास नही," ती म्हणाली. "मंग त्याले गोड कोन खावाडस?"

तोच प्रश्न भिकुबाई स्वतःला पंधरा दिवस विचारत होती.

सोमवारी तिघंही दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबला, आणि हात धुतले. मग विचारलं की चिठ्ठीतलं सगळं पाळलं जातंय ना. भागाबाई घसा साफ करून काही बोलणार, एवढ्यात बावीस वर्षांत कधी मोजणीत खोटी रेघ न ओढणारा उखर्डू म्हणाला, "साहेब, चूक मनी शे. मीच चोरीसन जिलबी खादी. टेसनपाशी. दोन दिवसाआड."

भागाबाईचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टर वैतागले खरे, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही दिसली. कारण सापडलं होतं. आता जिलबी बंद करा, अंगठा मात्र परवा काढावा लागेल, असं म्हणून त्यांनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. उखर्डू जमिनीकडे बघत होता. बायकोवरचा आळ त्याने अंगावर घेतला होता, आणि ती बोलली नसती तर तो आळ जन्मभर त्याच्याच अंगावर राहिला असता.

भिकुबाईचा जीव भरून आला. पण तिला हेही कळत होतं की हे खोटं आहे, आणि खोट्या कारणावर औषध केलं तर उद्या अख्खा पाय जाईल. तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

"त्यास्नी जिलबी खादी नही, साहेब," ती म्हणाली. "मी खिसा बी हुंगस. मी मालधक्कावर जाईसन देखं. मन्हं नाव खराब व्हवाले नको म्हनीसन ते बोली राह्यनात. दुसरं काही शे. तुम्हीन वही देखा."

डॉक्टरांनी पानं चाळली. भाकरी दीड, मेथी एक वाटी, ताक. सोमवारच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. उपास म्हणजे नुसतं पाणी का, त्यांनी विचारलं.

"पानी, आन् केयं."

"किती केळी?"

"मोजं नही. पाच, सहा. एखादबार खजूर." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं तशी ती घाबरली. "फळ शे ना, साहेब. उपासले चालस. झाडना फळमा साखर कोन टाकस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग हळू आवाजात, रागावता न येणाऱ्या माणसासारखं, समजावून सांगितलं. साखर झाडाने टाकली काय आणि कारखान्याने टाकली काय, एकदा रक्तात गेली की तिला कुणी गाव विचारत नाही. धडधाकट माणसाने केळ्याला भ्यायचं कारण नाही. उखर्डूभाऊंसाठीही फळ म्हणजे विष नव्हे. पेरूच्या चार फोडी, मूठभर जांभळं, कधीमधी अर्धं केळंसुद्धा चालेल. पण ते खाल्ल्यातच धरायचं, तेवढी भाकरी कमी करायची, आणि वहीत लिहायचं. दिवसभर उपाशी ठेवून एकदम सहा केळी, हे मात्र जिलबीहून कमी नाही.

"चूक माझीही आहे," ते शेवटी म्हणाले. "केळ्यांच्या गावात दवाखाना टाकला, आणि चिठ्ठीत केळंच लिहायचं राहिलं."

भागाबाई खिडकीबाहेर बघत होती. पाचोऱ्याला तिच्याही मालकाला हाच आजार होता, आणि तेही सोमवार करत. भावजयीला बोल लावायला आलेल्या त्या बाईने परतीच्या टांग्यातून उतरताना भिकुबाईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

अंगठा गेला. बुधवारी काढला. पुढच्या पंधरवड्यात नळी आधी पिवळी झाली, मग हिरवी. भिकुबाईने ती उजेडात धरून शेजारणींना दाखवली, आणि सगळ्या गेल्यावर न्हाणीत जाऊन रडली. उखर्डू घरी खाटेवर होता, पाय उशीवर. त्याच्या वहाणांची जोडी दाराशीच होती. डाव्या वहाणेचा चामडी अंगठा रिकामा, वर तोंड करून उभा.

तो घरी आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तिने उपास ठेवला नाही. दोघांनी एक केळं अर्धं अर्धं खाल्लं, त्याची भाकरी तेवढी लहान थापली. मग ती पेन्सिल घेऊन वही उघडून बसली. आजचं अर्धं केळं लिहून झाल्यावर तिने पानं मागे मागे उलटली, थेट पौषापर्यंत, आणि पहिल्या उपासाच्या पुढे पेन्सिल टेकवून थांबली.

"काय लिखी राह्यनी?" उखर्डूने विचारलं.

"राह्यलं ते. त्या दिनले कितलं केयं खादं व्हतं?"

उखर्डूने छताकडे पाहिलं. त्या दिवशी तिने फडक्यात सहा केळी बांधली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. मोजण्यातच त्याचा जन्म गेला होता.

"चार," तो म्हणाला. "चार लिख."

भिकुबाईने सहा लिहिलं. पान उलटून ती पुढच्या सोमवारावर आली.