न कळलेले हुकूम

संजीवनीने चुकांची फाइल उघडली आणि तिचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

मागे कऱ्हाटीच्या भाजीपाला संस्थेचे चेअरमन दादासो उभे होते.

"रोजच्या तीस-चाळीस चुका, ताई. एक तर तुमचा प्रोग्राम खराब हाय, न्हायतर तुमचे आबा. आबा असतील तर उद्यापास्नं दुसरा मानूस बसवतो."

संस्थेच्या कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवणारे तिचे वडील, भिमाआबा, वांग्याच्या रिकाम्या क्रेटवर बसून तंबाखू मळत राहिले.

पुण्याच्या कंपनीत तिने प्रोग्रामांचा एक संच लिहिला होता. तिथे त्याला लायब्ररी म्हणत. तो हाताशी असला की कॉम्प्युटरला आपापल्या शब्दांत हुकूम देण्याची सोय कोणालाही करता येई. पंच्याण्णव साली तिने पहिली सोय केली ती आबांसाठी. पंचावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवलेल्या माणसाला इंग्रजी हुकूम कुठून येणार? 'आवक' लिहिलं की आलेला माल नोंदायचा, 'यादी' लिहिलं की दिवसाची यादी निघायची. शब्द चुकला तर एकच ओळ उमटे: 'आबा, मला न्हाय कळलं. परत सांगा.' ही ओळ तिने गंमत म्हणून घातली होती. त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात ती दोनदाच घरी आली होती.

न कळलेला प्रत्येक हुकूम मशीन त्या फाइलीत ठेवून देई.

जेवली का
तितं थंडी हाय का
म्हस याली
जेवली का
आज मेथी लय आली
जेवली का

"घावलं का काय?" दादासो चष्मा शोधत पुढे वाकले.

तिने फाइल बंद केली. "चूक माझ्या प्रोग्रामची आहे. आबांची नाही."

"मग करा नीट. आन् मशीनची ती 'न्हाय कळलं'ची बडबड बी बंद करा. मशीन हाय का व्याही?" म्हणत दादासो बाहेर टेम्पोकडे गेले.

संजीवनी आबांकडे वळली.

"आबा, तिकडून मी बोलत नसते, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"मला काय येडा समजलीस? मशीन हाय ते." आबांनी मळलेली तंबाखू तशीच पुडीत परत टाकली. "पन बोली तुझी हाय."

"ती ओळ काढावी लागेल."

"काढ की. कामाची जागा हाय ही." ते उठून जवळ आले. "जरा सरक. काढायच्या आदी एकडाव लिवू दे."

त्यांनी एका बोटाने अक्षरं हुडकायला सुरुवात केली. प सापडला, र सापडला, त लवकर सापडेना. संजीवनीने मदत केली नाही. ओळ हळूहळू पुरी झाली.

परत कधी येनार

आबांचं बोट एंटरकडे गेलं. तिने त्याआधीच त्या बटणावर तळहात ठेवला.

"त्याला नका विचारू, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बरं. मग तू सांग."

संजीवनीने हात उचलला नाही.