अळिवाचं रान

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत मातीच्या मावळ्यांच्या लढाईत सांगलीनं साताऱ्याला हरवलं. पण ही लढाई झालीच नाही, असा साताऱ्याच्या मंडळानं एकमतानं ठराव केलाय. तेव्हा वाचकांनीही मागचं वाक्य विसरावं आणि जे झालं नाही ते कसकसं झालं नाही, तेवढं ऐकावं.

खेळ साधा. कराडच्या एका हॉलात मोठ्या टेबलावर मातीचं मैदान, आणि दोन्ही बाजूंना दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तसले मावळे. आपल्या मावळ्याच्या नजरेला शत्रू दिसला तरच फासा टाकायचा. मैदानात कायम एक टेकडी. नाणेफेक जिंकणारा टेकडी घ्यायचा, तिथनं सगळा मुलूख दिसायचा, आणि पुढचा खेळ म्हणजे नुसती आवराआवर. यंदाही नाणंच जिंकलं तर स्पर्धा बंद करून हॉल कॅरमवाल्यांना द्यायचा, असं ठरलं होतं.

मैदान करायचं काम आलं आकारामकडं. हा पाटणकडचा निवृत्त हवालदार. पलटणीत साहेबलोकांसाठी वाळूत मुलूख मांडून द्यायचा. जन्मभर त्यानं डोंगर केले आणि दुसऱ्यांनी त्यांवर छडी टेकवून भाषणं केली. एकदा तरी आपल्या डोंगरावर बरोबरीची झुंज व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती.

त्यानं टेकडी काढली नाही. उलट उंच केली, पायथ्याशी ओढा काढला, आणि सगळ्या मैदानावर अळीव पेरला. सामन्याच्या दिवसापर्यंत तो मावळ्यांच्या डोक्यावर गेला.

"मैदान हाय का कोशिंबीर?" साताऱ्याचे नानासो म्हणाले.

"रान हाय, नानासो. टेकडी घेताय का वढा?"

"नाणं मी जिंकलंय. टेकडी कवा कुनी सोडलीय व्हय?"

नानासोंनी टेकडी घेतली. वरनं पाहिलं तर हिरवं. पलीकडंही हिरवं. फासा हातात तापत राहिला. खाली ओढ्यात सांगलीचे मधुकर टेबलाच्या कडेवर गाल टेकवून बसले आणि देठांच्या मधून पाहू लागले. टेकडीवरच्या मावळ्यांचे एकेक पाय त्यांना स्वच्छ दिसत होते.

समोरच्या कडेला आकारामनंही गाल टेकवला. ओल्या मातीचा गारवा कानात शिरला. आत उजेड हिरवा होता आणि हळूहळू हलत होता. देठ सागाएवढे झाले. पानावरचा थेंब सुटला, तो खाली पोचायला फार वेळ लागला. ओढ्याकाठी दोन्हीकडचे मावळे भाले बाजूला ठेवून बसले होते. एक जण टोपी काढून पाणी प्याला.

"हवालदारसाहेब, पानी लय ग्वाड हाय," तो म्हणाला. "आमी न्हाई येत म्हागारी."

"आन लढाई रं?"

"ती वरची मानसं करत्यात. त्यास्नी करू द्या."

आकारामला यात चूक काही दिसेना. बसावं म्हणून तो जागा शोधत होता, तेवढ्यात वर टाळ्या वाजल्या. नाणेफेक हरलेला पहिल्यांदाच जिंकला होता.

"हे झालंच न्हाई," नानासो म्हणाले.

"मग काय झालं?" मधुकरांनी विचारलं.

"शेतीचं प्रदर्शन."

"असेल. माझी हरकत नाही. बक्षिसाची ढाल तेवढी मी नेतो."

"आवं नानासो, आन माजं मैदान?" आकारामनं विचारलं. गालाला अजून माती होती.

"लढाईच झाली न्हाई गड्या, तर मैदान कुटलं?"

आकारामनं रानावर पाणी शिंपडलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज धाडला:

'लढाई झाली नाही, हे मान्य. परंतु मैदान झालेले असून उभय बाजूंचे मावळे तेथे कायम वस्तीस राहिले आहेत. सबब, सदर टेबलास महसुली गावाचा दर्जा मिळावा, ओढ्यालगत एस.टी.चा विनंती थांबा मंजूर व्हावा, व टेकडीवर कोणाचीही नेमणूक करू नये, ही नम्र विनंती.'