मधले ट्रे

सुमेधानं आजारी रोपांचा एक ट्रे उचलला आणि मुद्दाम चांगल्या ट्रेंच्या रांगेत सरकवून दिला. टेंभुर्णीला रस्त्याकडेलाच तिची मिरचीची रोपवाटिका; तिथं देखरेखीला बाई हवी होती. गेल्या वर्षीची बाई स्वभावानं गोड, काहीही विचारा, "हो ताई." त्या होहोमध्ये अख्ख्या शेडनेटमधली रोपं करपून गेली. आणखी एक हंगाम तसा गेला, तर गावात तिच्या रोपाला कोणी हात लावणार नव्हतं. यंदा तिला नाही म्हणणारी बाई हवी होती.

पहिली आली कौसल्या. तिनं रांगेवरून उभ्याउभ्याच नजर फिरवली.

"काय टवटवीत रोपं, ताई! तुमच्या हातालाच गुण हाय."

"कळवते," सुमेधा म्हणाली.

मग पुष्पाबाई आल्या. पन्नाशीच्या, त्यातली निम्मी वर्षं मिरचीच्या वावरात गेलेली. त्यांनी चष्मा पदराला पुसला, वाकल्या आणि न बोलता नेमका तोच ट्रे बाहेर ओढला. सुमेधाला मनातल्या मनात हसू फुटलं. सापडली!

पण पुष्पाबाई थांबल्या नाहीत. दाराशी काढून ठेवलेल्या ट्रेंकडे वळल्या.

"मावशी, ते न्हाई बघायचे. भोकरदनची ऑर्डर हाय, टेम्पो उभाय बाहेर."

"बघूनच राह्यले. उचलून थोडीच नेते?"

त्यांनी एक पान उलटं केलं. मग दुसरं.

"चुरडा-मुरडा रोग हाय. पानं आकसली."

"असंल थोडाफार. फवारलं की बसंल."

"थोडाफार? ताई, हे ट्रे लावले कोणी? कडंनं सगळी चांगली, अन् आजारी तेवढी मधात. रोपं काय आपल्या पायानं मधात जाऊन बसली?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सुमेधाच्या नखांत सकाळची माती अजून तशीच होती. तिनं हात पदराआड नेला. मग बाहेर काढला.

"मीच लावले."

पुष्पाबाईंनी पिशवी उचलली, चपला पायात सारल्या.

सुमेधानं भोकरदनला फोन लावला.

"सोमेश्वरभाऊ, रोपं आज येत न्हाईत. आजारी निघाली... बराबर हाय तुमचं, वावर तयार करून बसले तुम्ही. दुसरी देते, पण ही न्हाई देत."

पलीकडचा आवाज चढत गेला. तिनं सगळं ऐकत हातानंच टेम्पोवाल्याला जायची खूण केली. रिकामा टेम्पो वळून निघून गेला, तेव्हा कुठं तिनं फोन खाली केला.

पुष्पाबाई फाटकातच उभ्या होत्या. पान उलटं करून बघावं, तशा तिच्याकडे बघत.

"मावशी, मला बाई पाहिजेच."

"ते दिसूनच राह्यलं." त्यांनी चष्मा काढून पिशवीत टाकला. "उद्या सकाळी येते. तवर ट्रेला हात लावू नको, पोरी."