बटणावरची काळी टेप

अमृत फौजेतून सुट्टीवर आला की घरातल्या लोंबत्या-वाकड्या सगळ्या गोष्टी सरळ व्हायच्या. या खेपेला पाळी आली वायरींची.

म्हसवडजवळच्या वस्तीवरचं तीन खोल्यांचं घर ते. इन्व्हर्टरची लाईन एकाच बोर्डाला काढलेली, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या कडेला. तिथून टीव्ही, डिशचा बॉक्स आणि वायफायची डबी यांच्या वायरी सुगरणीच्या खोप्यासारख्या लोंबायच्या. त्यांच्याच शेजारून एक जाड पांढरी वायर निघून फरशीवरून, उंबऱ्यावरून आतल्या खोलीत जायची. ती अमृतच्या वडलांच्या, म्हणजे भाऊसोंच्या ऑक्सिजन मशीनची. वीस वर्षं खडीच्या क्रशरवर काढल्यावर त्यांच्या फुफ्फुसांत दगडाचं पीठ बसलं होतं. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता मशीन चोवीस तास. नाकात नळी घालून भाऊसो खाटेवर बसायचे आणि नातवाकडं, शिवतेजकडं बघून म्हणायचे, "ह्येची नाळ तुटली, माजी जोडली."

तोच नऊ महिन्यांचा शिवतेज एके दिवशी रांगत जाऊन ती पांढरी वायर चोखताना त्याच्या आईला, सोनियाला दिसला. तिनं वायर त्याच्या तोंडातून ओढून काढली. त्यात महिन्याभरापूर्वी तिची धाकटी बहीण पल्लवी, कराडला फ्लॅटात दिलेली, बोलून गेली होती, "ताई, तुजं घर हाय का केबलवाल्याचं दुकान गं?"

सोनियानं दोन्ही गोष्टी नवऱ्याला फोनवर सांगितल्या होत्या. पहिली काळजीनं, दुसरी थोडी रुसून.

अमृतनं दोन दिवस भिंतीवर काम केलं. प्लायची फळी आणली, पांढरी केसिंगपट्टी आणली. बोर्ड फळीमागं गेला. सगळ्या पिना फळीमागच्याच एका चार खोबणीच्या बॉक्सात गेल्या, मशीनचीसुद्धा. तिची वायर पट्टीतून, चौकटीवरून, आतल्या खोलीत उतरली. फरशीवर एक दोरा उरला नाही. भिंतीवर दिसायला राहिलं फक्त एक बटण.

"युनिटात वायर लोंबती दिसली की सायब पळायला लावतो," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. मग त्यानं त्या बटणावर काळी टेप आडवी-उभी चिकटवली. "आई, हिकडं बघ. ह्ये बटण दाबायचं न्हाई. आबांचं मशीन पन ह्याच्यावरच हाय."

हरणाबाई मटकी निवडत होत्या. "मग टीव्ही कसा बंद करायचा रं?"

"रिमोटनं."

"आन वीज कडाडली की?"

"तवा बी रिमोटनंच."

"रिमोटनं वीज थांबती व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या विजेनं वस्तीवरचे चार टीव्ही जळाले, त्यात यांचाही होता. तेव्हापासून ढग गुरगुरला की हरणाबाई हातातलं काम टाकून टीव्हीचं बटण बंद करायच्या. वस्तीवर सगळ्याच बायका करायच्या. पहिला गडगडाट झाला की या घरातून त्या घरात हाळी जायची, 'टीव्ही बंद करा गं.'

अमृत फौजेत परत गेला. चार दिवसांनी पल्लवी आली. भिंत बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"भावजींनी केलं? आमच्यात सुतार लावून बी असं न्हाई झालं." तिनं फोन काढला. "थांब, फोटू काढती. पर ही काळी चिकटपट्टी काय? चांगल्या तोंडाला डाग लावल्यागत दिसतीया."

सोनियानं नखानं टेपचं टोक उचललं आणि टेप ओढून काढली. फोटो झाला की परत लावू, म्हणाली. पण टेपेला केर चिकटला होता, ती पुन्हा बसेना. दुसरी टेप अमृतच्या पेटीत होती, पेटी माळ्यावर. उद्या काढू. उद्या शिवतेजला ताप आला. परवा कुरडयांचा चीक शिजवायचा होता. ती गोळा केलेली टेप तिनं खिडकीत ठेवली, आणि खिडकीतच राहिली.

वैशाखात एका दुपारी चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग चढला. सोनिया शिवतेजला कडेवर घेऊन गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या कुरडया लुगड्याला धरून बसल्या होत्या, एकेक हलक्या हातानं सोडवावी लागत होती. ढग दोनदा मोठ्यानं गुरगुरला. खालून हाळ्या ऐकू आल्या. हरणाबाई आतून बाहेर आल्या आणि करडं कोंडायला वाड्याकडं गेल्या, हेही तिला वरून दिसलं. पाऊस काही आला नाही. ढग पश्चिमेला निघून गेला, माणदेशात जातो तसा.

अर्ध्या तासानं ती खाली आली. घर लय शांत होतं. कुरडयांची पाटी ठेवताना तिला ती शांतता बरीही वाटली. आणि मग कळलं, काय ऐकू येत नाहीये. मशीनची घरघर.

लाईट गेल्यावर वाजणारी मशीनची शिट्टी दिवाळीपासूनच मुकी होती. इन्व्हर्टर आहे म्हणून कुणी ती दुरुस्त केली नव्हती.

भाऊसो खाटेवर आडवे होते, नळी नाकात तशीच. ओठ जांभळे. एक हात खाटेखाली लोंबत होता, जिथून आधी ती पांढरी वायर जायची तिथं. वायर ओढली की बाहेर बोर्डापाशी खडखड व्हायची. रात्री-अपरात्री पाणी हवं असलं की ते तसंच बोलवायचे. बोलायला दम नसायचा त्यांना. हे सोनियाला माहीत होतं. वायर लपवताना ते कुणालाच आठवलं नव्हतं.

ती बाहेर धावली, बटण दाबलं. मशीन लगेच चालू झालं. भाऊसो झाले नाहीत.

दारात हरणाबाई उभ्या होत्या, काखेत करडू. त्यांनी आत बघितलं, मग सोनियाच्या हाताकडं. हात अजून बटणावरच होता.

"मामा गेलं, आत्या," सोनिया म्हणाली. बटणाचं काही बोलली नाही. हरणाबाईंनी करडू खाली सोडलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

लोक म्हणाले, झोपेत गेला, सुटला बिचारा. अमृत तिसऱ्या दिवशी पोचला. तेरावा होईपर्यंत घरात माणसं होती. चौदाव्या दिवशी तिघंच उरली, आणि शिवतेज.

अमृत चहा पिता पिता भिंतीकडं बघत होता.

"टेप कुठं गेली गं?"

सोनियानं सांगायला तोंड उघडलं. पण तिच्या आधी हरणाबाईच बोलल्या, "पोरानं काढली असंल."

अमृतनं बटणाकडं बघितलं. ते त्याच्या छातीएवढ्या उंचीवर होतं. मग फरशीवर रांगणाऱ्या, अजून उभं राहता न येणाऱ्या आपल्या लेकाकडं बघितलं. मग खिडकीकडं. तिथं काळ्या टेपेची गोळी धूळ खात पडली होती.

"असंल," तो म्हणाला. कप खाली ठेवताना बशी वाजली.

संध्याकाळी ढग आला. पहिला गडगडाट झाला. शेजारच्या साळूबाईची हाळी आली, "हरणाबाई, टीव्ही बंद करा वं."

खोलीतली तिघंही बटणाकडं बघत होती. आतल्या खोलीतल्या मशीनवर अजून चादर टाकलेली होती. दुसरी वीज जवळच कुठंतरी कडाडली, शिवतेज दचकून रडला, सोनियानं त्याला छातीशी धरलं. टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल दिवा जळतच राहिला. कुणी उठलं नाही.