दोनशे बारा वेळा टक

मी स्टॉपवॉच बोलतोय. हल्ली मोबाइलमध्ये असतं तसलं नव्हे, चावीचं, तळहातावर मावणारं, डोक्यावर एक बटण असलेलं. बटण दाबलं की टक, काटा धावायला लागतो. पुन्हा दाबलं की टक, काटा थांबतो. हा आवाज इतका खणखणीत की कारखान्यातल्या तपासनिसाने मला दोनदा कानाला लावून पाहिलं होतं. मला तेव्हापासूनच जरा शिंगं फुटली होती म्हणा ना.

माझी पहिली तीस वर्षं एका शाळेत, खेळाच्या सरांच्या हातात गेली. सरांनी मला वर धरलं की पोरं जीव तोडून पळायची. माणसं मला पाहून पळतात, त्यात मला काही वावगं वाटत नसे. माझं कामच ते, असं मी समजत होतो.

सर निवृत्त झाले आणि मी खणात पडलो, वाळलेल्या पेनांच्या आणि गंजलेल्या टाचण्यांच्या संगतीत. पुढे त्यांच्या लेकीने मला उचललं. ती विद्यापीठात शिकवते, तिला सगळे 'बाई' म्हणतात. तिच्या कपाटात जुन्या प्रबंधांच्या गठ्ठ्यांमागे मी अकरा वर्षं काढली. तिथे मला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

मग एक दिवस बाईंनी मला बाहेर काढून चावी दिली आणि समोरच्या मुलीच्या हातात ठेवलं. मुलगी पदव्युत्तर वर्गाच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला पहिल्यांदाच संशोधन करायचं होतं. दवाखान्याच्या खिडकीवर औषध देताना ते कसं घ्यायचं हे रुग्णाला किती वेळ समजावून सांगतात, हा तिचा विषय. ते ऐकून मी थक्कच झालो. पळणं मोजतात हे मला ठाऊक होतं. पण एका माणसाने दुसऱ्याला समजावून सांगणंही कुणाला मोजावंसं वाटतं?

तिच्या दादाला मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. "औषधांच्या खिडकीपाशी घड्याळ घेऊन बसायला एवढं शिकावं लागतं होय?" तो म्हणाला. तिने त्याला उशी फेकून मारली आणि दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला दवाखान्यात हजर झाली.

खिडकीमागे एक ताई औषधं द्यायच्या. मुलीने त्यांची रीतसर परवानगी घेतली. कागदावर लिहिलं होतं, 'कामाच्या वेळेचा अभ्यास.' ताईंनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली. मुलगी खिडकीला लागून असलेल्या बाकावर बसली. रुग्ण पुढे आला की टक, तो वळला की टक. तीन आठवड्यांत दोनशे बारा रुग्ण झाले. सरासरी आली एक्केचाळीस सेकंद. मी एका सेकंदाचीही चूक केली नव्हती.

मुलीने झपाट्याने प्रकरण लिहून काढलं आणि बाईंकडे नेलं. शेवटचं वाक्य होतं, 'औषध देणारे कर्मचारी रुग्णांशी जेमतेम बोलतात, असे दिसून येते.' बाईंनी 'दिसून येते' भोवती पेन्सिलीने गोल केला.

"कुणाला दिसलं?"

"मला, बाई."

"कुठून दिसलं? तू कुठे बसली होतीस?"

"खिडकीजवळच्या बाकावर."

"आणि घड्याळ?"

"हातात."

"हे यात कुठेच नाही. उद्या घड्याळ पिशवीत ठेव आणि नुसती बसून ये."

मला तो अपमान वाटला. पळण्याच्या शर्यतीतून घड्याळालाच बाहेर काढायचं?

दुसऱ्या दिवशी मी पिशवीच्या तळाशी होतो. वरून ताईंचा आवाज आला. "आजोबा, ही पिवळी गोळी जेवल्यावर. ही पांढरी अर्धीच, झोपताना. आता मला परत सांगा बघू." आजोबांनी नेमकं उलटं सांगितलं. ताई हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. मग "पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते," म्हणाल्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मी बंद होतो. पण रांग बरीच लांबली होती.

दुपारी रांग संपल्यावर मुलीने भीत भीत विचारलं, "ताई, आज तुम्ही एवढं सांगत होता..."

"आज तुमचं ते टकटक नव्हतं ना, मॅडम!" ताई म्हणाल्या. "कोण किती रेंगाळतं ते बघायला तुम्हाला वरून पाठवलंय, असं वाटलं मला. तो आवाज आला की हात आपोआप भरभर चालायचे. लोकांना नीट सांगायचं राहून जायचं, रुखरुख लागायची हो. पण नोकरी आहे ना."

मुलीने जे मोजलं होतं, ते आम्ही दोघांनीच घडवलं होतं. दोनशे बारा माणसं आमच्यापायी अर्धवट ऐकून घरी गेली होती.

सादरीकरण नऊ दिवसांवर आलं होतं. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आकडे बिनचूक होते, तक्ते देखणे होते. घरी मी तिच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला होतो. तिने ते शेवटचं वाक्य कितीदा वाचलं ते मी पाहिलं. खोटं सांगत नाही, मला भीती वाटली होती. मग तिने मला बाजूला सरकवलं आणि त्या वाक्यावर काट मारली. त्या क्षणी मला तिचं जे कौतुक वाटलं, तसं शर्यत जिंकणाऱ्या कुणाचं कधी वाटलं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. "पानं फाडू नकोस," एवढंच म्हणाल्या. "चूक कशी झाली आणि कशी कळली, सगळं लिही."

सादरीकरण पुढच्या सत्रावर गेलं. मैत्रिणी पुढे निघून गेल्या, ही पुन्हा बाकावर. या वेळी ताईंना तिने सगळं उलगडून सांगितलं. दहा दिवस काहीच न लिहिता नुसती बसली, ताईंना तिची सवय होईपर्यंत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नोंदी केल्या. सरासरी आली तीन मिनिटांच्या वर.

"आता त्या तुला दाखवायला जास्त बोलत असतील तर?" बाईंनी विचारलं.

"तेही लिहिलंय, बाई."

बाई मनापासून हसल्या. मी मात्र अचंबित झालो. हाती आलेल्या उत्तरावरही शंका घ्यायची, आणि ती स्वतःच्याच नावाखाली छापायची! माणसांत एवढं धाडस कुठून येतं?

प्रबंध जमा करण्याआधी तिने त्या चुकीचं पान ताईंना खिडकीपाशी वाचून दाखवलं. आधी काय लिहिलं होतं, तेही लपवलं नाही. ताईंनी विचारलं,

"म्हणजे चूक त्या घड्याळाची होती?"

"नाही ताई, माझी. घड्याळ मी धरलं होतं."

ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिचा हात धरला. "अगं, एवढं कोण कबूल करतं?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या तिला मॅडम म्हणाल्या नाहीत.

आता मी पुन्हा बाईंच्या कपाटात आहे. मागच्या गठ्ठ्यात तिचा प्रबंध आला आहे आणि त्यातल्या एका पानावर मी आहे, माझ्या आवाजासकट. उद्या कुणी मला बाहेर काढलं तर चावी जरूर द्या, मला अजून काम करायचं आहे. पण माझं बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाला एवढं सांगा, की आपण त्याचं काय मोजतोय.