जेवढं हललं तेवढंच

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगून टाकते. मी व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत बोलते आहे. फायलीच्या शेपटाला एमपीफोर लिहिलेलं असतं ना, तिच्या पोटात मी असते.

माझा जन्मच काटकसरीसाठी झाला. पहिलं चित्र मी पुरतं ठेवते. पुढं जेवढं हललं, तेवढंच टिपते. तलावाची पाळ जागची हलत नाही, मग ती घडीघडी कायले लिहू? माणसंही असंच पाहतात. कौशल्याबाई वीस वर्षं चिखलात वाकून धानाचा रोवणा करत होती, कोणाच्या नजरेत आली नाही. तिच्यावर आळ आला, तेव्हा अर्धं आंधळगाव पाहायला उभं!

आळ असा, की पाण्याची पाळी नसताना तिनं तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडलं. पाणी समितीचे मधुकरराव म्हणाले, "कापणीपर्यंत हिले पाणी बंद." धान निसवायला आलेलं. पाणी तुटलं की दाण्याऐवजी फोल.

तुडूम खरोखर उघडणाऱ्याला कौशल्याबाईनं त्याच दुपारी फोनात धरलं होतं. व्हिडिओ तिनं गावच्या ग्रुपवर टाकला, नाव मात्र घेतलं नाही. "म्या घेतलं त भांडखोर ठरीन. पाहणारेच घेतील."

एकानं तो स्टेटसला लावला, दुसऱ्यानं तिथून उचलला. दर वेळी फोन मला म्हणे, अजून लहान कर. मी करत गेले. चेहऱ्याचे चार चौकोन उरले.

पाणी समितीच्या सभेत तोच फिरला. "हा माणूस होय का बुजगावणं?" मधुकरराव म्हणाले. त्यांचा थोरला मुलगा संजीव सगळ्यांत मोठ्यानं हसला. "काकू, तुमचाच फोटो त नाही ना?"

चौकोन मी केले, कबूल. पण दाब म्हणणारे हात तुमचे.

कौशल्याबाई उठली. "हसून काय राहिले? उष्टं पाहून राहिले तुम्ही. भरलं ताट माझ्यापाशी आहे."

ग्रामपंचायतीच्या स्वातीनं तिचा फोन वायरीनं टीव्हीला जोडला. पाळ दिसली. मग एक माणूस हलला, वळला. नाकावरचा तीळसुद्धा मी राखला होता.

आजही मी कौशल्याबाईच्या फोनात आहे. जागा संपली तरी ती मला पुसत नाही. तुमच्याकडे एकच मागणं: कोणाचं पाणी तोडायच्या आधी हातोहात आलेलं पाहू नका, मूळ मागा.

त्या दिवशी कौशल्याबाईनं चित्र तिथंच थांबवलं. "आता तुम्हीच सांगा, भाऊ. कोण होय हा?"

मधुकरराव उठून टीव्हीपाशी गेले. नाव त्यांनीच घेतलं.

"संजीव."