मास्तरांचा मऊ आवाज

ताई जन्मापासून आंधळी. तिच्यासाठी धाकटीनं स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा कोड जगाला खुला करून टाकला. सुधारणा कुणीही पाठवावी. ती मूळ कोडमध्ये मिसळायची कधी, हे मात्र धाकटीनं ठरवायचं.

हिवाळ्यात एका निवृत्त मास्तरांनी नवा आवाज पाठवला. सोबत पत्र : 'आमच्या हिची दृष्टी गेली. तुमच्या प्रोग्रॅमचा आवाज ऐकून म्हणाली, पत्र्यावर खडे पडतात, बंद करा. मग सत्तरीत कोड शिकलो. आवाज अजून कच्चा आहे. हिला चालतो, पण तुमची नवी आवृत्ती आली की माझी जोड तुटते. पुन्हा आठ दिवस खपतो. मी आहे तोवर जोडेन. पुढे कोण?'

धाकटीनं आवाज लावला. कुणी उशाशी बसून वाचावं, तसा. तिचा जीव विरघळला. आज दुपारी नवी आवृत्ती निघायची होती. सगळ्यांना हाच आवाज द्यायचा, तिनं ठरवूनही टाकलं.

ताई कचेरीतून जेवायला आली. वकिलांचे करार ती कानांनी तपासते, तेही अशा वेगानं की दुसऱ्याला नुसती माशी गुणगुणल्यासारखं वाटावं. धाकटीनं पत्र वाचून दाखवून नवा आवाज लावला, तसा ताईनं वेग चढवला. कपाळाला आठी.

"वाक्याचं टोक गिळतोय गं. तू कुठल्या वेगात तपासलास?"

"माझ्या."

"म्हणजे गोगलगाईच्या! बाईसाहेब, ऐकणारे आम्ही. यावर करार तपासला तर उद्या घरी बसवतील मला."

"मग परत पाठवू? पक्का करून आणा म्हणू?"

"आणि म्हातारा तोवर थांबेल?"

ताईनं वेग उतरवला. उतरवत उतरवत अगदी तळाला नेला, इतक्या वर्षांत कधी नेला नव्हता तिथवर. ताट तसंच राहिलं. खोलीभर तो आवाज, सावकाश, श्वास घेत.

"मला आंधळं असणं शिकावं लागलं नाही," ती म्हणाली, "त्याच्या बायकोला या वयात शिकायचंय. नव्यानं येणाऱ्याला पहिल्यांदा हाच आवाज भेटू दे. आम्हा जुन्या खोडांना आमचे खडे राहू देत."

"असे दोन्ही आवाज ठेवायला चार दिवस लागतील. आवृत्ती लांबेल."

"लांबू दे. मी रजा टाकते. तू लिही, मी कान देते."

चार दिवस दोघी भांडल्या, हसल्या, एकाच ताटात जेवल्या. पाचव्या दिवशी सकाळी मास्तरांचा आवाज मूळ कोडमध्ये मिसळला; शेजारी 'प्रायोगिक' अशी पाटी.

महिन्यानं पत्र आलं. अक्षरं मागेपुढे, पण टाइप केलेलं मास्तरीणबाईंनी स्वतः :

'नवी आवृत्ती आली, काही तुटलं नाही. एरवी आमचे हे आठ-आठ दिवस मशीनशी बोलायचे. आता माझ्याशी बोलतात. फारच बोलतात.'